शिवार दिवस : जांबोटीच्या अंगाच्या एका शेतावरच्या कामाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

तात्यांच्या सोप्यात बैठक. सुगी उरकली की एक दिवस शेत सगळ्यांना खुलं करायचं, एवढं ठरलं. नाव ‘शिवार दिवस’. उद्घाटन नाही, फीत नाही, हार-शाल नाही. शेवटची अट काकींची. शालींचे पैसे वाचले तर जेवणात काजूची उसळ होते, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

कल्पना मुळात समुद्राकडची. मागच्या वर्षी आम्ही काही जण गोव्यात दिवाडी बेटावरची खाजण शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, बघायला गेलो होतो. बांधावरून माणसं फिरत होती, पोरं खेकड्यांची बिळं शोधत होती, ज्याला जे सुचेल ते तो विचारत होता आणि तिथले शेतकरी चिखलात उभे राहून उत्तरं देत होते. परत येताना चोर्ला घाटात मास्तर म्हणाले, “असं आपल्याकडं का होत नाही?” पुढच्या सीटवरून तात्या म्हणाले, “आपल्याकडं गवा येतो म्हणून.”

हसण्यावारी गेलं, पण खरं कारण तेच आहे. तात्यांचं शेत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबी रस्त्यापासून आत. एका अंगाला गाव, एका अंगाला ओढा आणि तिसऱ्या अंगानं रान थेट बांधापर्यंत उतरलेलं. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ साली, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. गवे, अस्वलं, डुकरं त्याच्या कितीतरी आधीपासून शेतात येतात. कागद मागाहून आला. तात्या उंदरांचं औषध घालत नाहीत, बांधावरची झाडं तोडत नाहीत, रानाकडची वई, म्हणजे झुडपांचं कुंपण, करवंद, निर्गुडी, घायपात लावून जिवंत ठेवतात. शहरातून येणारे याला ‘वन्यजीवस्नेही शेती’ म्हणतात. तात्यांना हा शब्द उच्चारताना जरा अवघडल्यासारखं होतं.

उठताना त्यांनीच विचारलं : “लोक पहिलं काय विचारणार सांगू? गव्यानं किती खाल्लं. तेव्हा काय सांगायचं?” कुणाकडंच उत्तर नव्हतं. ते शोधायचं काम माझ्याकडं आलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

इंटाण भाताची कापणी. रानाकडचं खालचं खाचर गव्यांनी दोनदा धुऊन काढलेलं. जवळून बघितलं तर खाल्ल्यापेक्षा तुडवलेलं जास्त. लोंबी वरच्या वर ओढून घेतलेली, ताटं तशीच उभी. पण जिथून कळप फिरला तिथं भात चिखलात दाबून बसलेलं. ते ना कापता येत, ना झोडता येत.

नुकसान नजरेनं सांगायचं झालं तर मोठा वाद. तात्यांचा मुलगा म्हणतो अर्धं गेलं, काकी म्हणतात पाव, मजूर बायका म्हणतात “काय बी ऱ्हायलं न्हाई.” म्हणून मीटरभराची बांबूची चौकोनी चौकट केली. शेतखातं पीक कापणी प्रयोगात मोठा चौकोन आखून कापतं, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. चौकट आधी न खाल्लेल्या खाचरात टाकली, मग खाल्लेल्या, मग रानाच्या अगदी कडेला. टाकताना डोळे मिटून टाकायची, नाहीतर हात आपोआप वाईट जागेकडं जातो. जेवढं आत येईल तेवढं कापायचं, वेगळं झोडायचं, वेगळं वजन. काकींचा किराणा मोजायचा काटा या कामाला लागला.

वजनं वहीत आहेत. एक गोष्ट मात्र आजच कळली : नुकसान सगळ्या शेतात सारखं नसतं. रानाकडच्या पट्ट्यात ते जबर आहे, चार बांध इकडं आलं की जवळजवळ शून्य. ज्याचं सगळं शेतच तो पट्टा आहे त्याचं काय, हा प्रश्न त्यातून निघतोच.

२४ नोव्हेंबर, रविवार

भाताच्या ओलीवर मसूर पेरून झाला. बेळगावच्या मसुराला बाजारात नाव आहे, आणि रब्बीला इथं पाणी न देता येणारं दुसरं पीक कुठलं? मसुरात बांबूचे पक्षीथांबे रोवले : एक उभा, वर एक आडवा. कोतवाल दुसऱ्याच दिवशी येऊन बसला. जमिनीलगतची अळी उचलायला त्याला उंच बसायची जागा लागते. माळावर झाडं नसतील तर तो विजेच्या तारेवर बसतो, नाहीतर दुसरीकडं जातो.

आजचं मोठं काम विहीर. तात्यांची विहीर जमिनीलगत उघडी होती. असल्या विहिरीत रात्रीचं भेकर पडतं, डुक्कर पडतं, मागं लागलेलं कुत्रंही पडतं. चिऱ्याचा कमरेएवढा कठडा बांधून घेतला. गवंडी म्हणाला, “जनावरासाठी कठडा? माणसासाठी कधी बांधला न्हाईसा!” तात्या गप्प बसले. काकी बसल्या नाहीत : “मी लगीन होऊन आल्यापासनं सांगूलालेय.”

शेततळ्याची गोष्ट याहून वाईट. प्लास्टिक अंथरलेलं तळं बाहेरून निरुपद्रवी दिसतं. उन्हाळ्यात तहानेनं आलेलं जनावर उतरतं, पाणी पितं आणि परत चढायला गेलं की पाय घसरतात. धडपडून दमतं आणि बुडतं. उपाय फार स्वस्त आहे : काठावर दोन मेखा, त्यांना बांधून काथ्याची जाडी जाळी पाण्यापर्यंत सोडायची, आणि एका कोपऱ्यात मातीनं भरलेल्या पोत्यांची उतरती पायवाट. तालुक्यात सरकारी मदतीची तळी कितीतरी झाली आहेत. जाळी फार थोड्या ठिकाणी दिसते. शिवार दिवसाला हे दाखवायचंच. बघणारा घरी जाऊन दुसऱ्या दिवशी करू शकेल असं काम यापेक्षा दुसरं नाही.

८ डिसेंबर, रविवार

तारीख ठरता ठरेना. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन, त्यात १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीची तयारी. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, त्यामुळं जिल्ह्यातला प्रत्येक साहेब बंदोबस्तात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुनव, निम्मा गाव सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला. सव्वीसला पोरांची परेड. मधला १९ जानेवारीचा रविवार उरला. तोच.

ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, सांगून आले. फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत. वनखात्याचे बीट गार्ड यायला तयार. त्यांना मी एकच काम दिलंय, नुकसानभरपाईचा अर्ज कसा भरायचा ते कोरा नमुना घेऊन समजावणं. भाषण नको म्हटल्यावर गडी खूश झाला.

२२ डिसेंबर, रविवार

फलकांवरून वाजलं.

मास्तरांनी छायाचित्रं जमवलीत, झक्कास आहेत. धनेश, शेकरू, काजव्यांनी भरलेलं झाड. शिवाय बारापेडे गुहांमधलं ते वटवाघूळ : रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली, आणि नंतर कितीतरी वर्षं जगात फक्त या आमच्या खानापूर तालुक्यातल्या गुहांतच ते माहीत होतं. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. हा फलक हवाच, खाली मोठ्या अक्षरात ‘गुहेत जाऊ नका’ लिहून. झोपलेली वटवाघळं उठवली की ती जागा सोडून देतात, आणि एकानं फोटो टाकला की दहा जण बॅटऱ्या घेऊन जातात.

भांडण माझ्या फलकावरून. मला मधोमध हिशेबाचा फलक हवा होता. एका बाजूला गेलेलं : रानाकडच्या खाचरातलं भात, नाचणीचा तुकडा, राखणीच्या रात्री, कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची बॅटरी. दुसऱ्या बाजूला वाचलेलं : औषधांचा खर्च, वईमुळं कुंपणाची तार, मसुरात फवारणी न लागणं. मास्तरांचं म्हणणं, “लोक आनंदानं बघायला येणार आणि आपण नुकसान दाखवायचं? उद्या कोण करील असली शेती?”

मी म्हटलं, बघायला येणारे निम्मे लोक शेतकरीच आहेत. त्यांना धनेश दाखवून काय सांगणार? त्यांच्या परसात रोज येतो तो.

शेवटी फलक राहिला. पण त्यात एक ओळ कमी होती आणि ती लिहायची तर घरच्यांना विचारायला हवं. तात्यांचा धाकटा गोव्यात म्हापशाला नोकरीला, दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. वरच्या माळावर काजू आहे, त्याचंही येतं. भातानं दगा दिला तरी चूल पेटते ती त्यावर. तात्या वहीकडं बघत राहिले. काकी आतून म्हणाल्या, “लिही की. साऱ्या गावाला ठाऊक हाय, फलकालाच तेवढं ठाऊक न्हाई.”

लिहिलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाऊलखुणांचं काम. ओढ्याकडं जायच्या वाटेवर गाळाची माती चाळून हातभर रुंदीचा पट्टा केला, संध्याकाळी पाणी शिंपडून फळीनं सारखा केला. सकाळी बघायला गवळीवाड्यावरचे आजोबा आले होते. ते म्हशी राखत या रानात म्हातारे झाले. वाकून बघत नाहीत. उभ्या उभ्या काठीनं दाखवतात.

“हे डुक्कर.” कसं ओळखलं? पुढं दोन खूर, आणि मागं दोन्ही बाजूंना बारीक टिकल्या उमटलेल्या. मऊ मातीत डुकराची वरची नखं टेकतात. “हे भेकर.” दोन बोटांत मावेल एवढा खूर, टोकदार. “हे तुमचं कुत्रं.” नखांच्या खुणा पुढं स्पष्ट. बिबट्या चालताना नखं आत घेतो, त्यामुळं त्याच्या पावलापुढं नखं दिसत नाहीत. गावात दर चार दिवसांनी कुणीतरी ‘वाघ आला’ म्हणून फोटो पाठवतं, त्यातले बहुतेक या एका खुणेवर निकालात निघतात.

पट्ट्याच्या कडेला एकच मोठा गोल खूर, आमच्या बैलाचा दीडपट. आजोबा त्या दिशेनं पुढं चालत गेले, वळून आले. “एकटा हाय. म्हातारा. कळप असता तर वाट पसरली असती.” मग आम्ही प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून त्या खुरात ओतलं. पोरांनी ते सुकेपर्यंत भोवती बसून राहायचं व्रत घेतलं होतं. मोडता मोडता एक साचा नीट निघाला, दुसरा फुटला. फुटलेला कुणाच्या घरी न्यायचा यावर मारामारी.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. कामाला सुट्टी. बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, आणि संध्याकाळी बचत गटाच्या बायकांसोबत जेवणाची यादी : तांदळाची भाकरी, काजूची उसळ, नाचणीचं आंबील, रताळी उकडून. पत्रावळ्या पानांच्याच.

आजूबाजूच्या गावांतून किती जणी येतील विचारलं तर हसल्या. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बाईला सरकारी बस फुकट. आधार कार्ड कनवटीला लावायचं आणि निघायचं. “गडी येऊ देत नाहीतर न्हाई, आम्ही येतावच.” तर अंदाज वाढवून धरला.

१८ जानेवारी, शनिवार

दिवाडीचे खाजण शेतकरी, बाब, दुपारी गोव्याच्या कदंब बसनं आले. खांद्याला पिशवी आणि काखेत लाकडी पेटी. चोर्ल्याच्या वळणांनी पाहुणे अर्धे हिरवे पडले होते, लिंबूपाणी घेतल्यावर बोलते झाले.

पेटीत मानशीचं छोटं प्रारूप निघालं. मानस म्हणजे खाजणाच्या बांधातलं दार. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं दाराची फळी आपली आपण बंद होते, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी जास्त होतं, फळी उघडते, जास्तीचं पाणी बाहेर जातं. मोटर नाही, माणूस नाही. पावसाळ्यात भात, भात निघालं की खारं पाणी मुद्दाम आत घेऊन मासे-कोळंबी. काकींच्या न्हाणीतल्या बादलीत त्यांनी ते करून दाखवलं आणि तात्या फळी परत परत उघडझाप करून बघत बसले, चहा गार होईपर्यंत.

मग त्यांनी त्यांच्याकडचा ‘गवा’ सांगितला : खेकडा. बांधाला बीळ पाडतो, त्यातून पाणी झिरपतं, झिरप मोठी झाली की एखाद्या उधाणाला बांधच फुटतो. एकदा खारं पाणी शिरलं की पुढचे काही हंगाम भात नीट येत नाही, पावसानं मीठ धुऊन जावं लागतं. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते म्हणून ती राखायची. खाडीत मगर आहे, पाणमांजरं आहेत. ती जाळी फाडतात, मासे पळवतात. “तुम्ही काय करता त्यांचं?” तात्यांनी विचारलं. बाब म्हणाले, “बांध सगळ्यांचा. एकट्याचो बांध ना. दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करची पडटा.”

तात्या यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडं वई ज्याची त्याची, राखण ज्याची त्याची, नुकसानही ज्याचं त्याचं.

रात्री मास्तरांनी अंगणात काठीनं नकाशा काढला. डोंगराच्या अलीकडं पडलेला पाऊस कणकुंबीच्या माउलीच्या देवळापासून निघणाऱ्या मलप्रभेत, तिथून कूडलसंगमला कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात. पल्याडच्या उतारावर पडलेला म्हादईत, आणि तीच म्हादई खाली मांडवी होऊन दिवाडीच्या भोवतीनं अरबी समुद्रात. “म्हणजे वरच्या अंगाचे शेजारी तुम्ही,” बाब म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार – शिवार दिवस

सकाळी सातला धुकं. पक्षी बघायला आलेले पहिले सगळे बेळगावचे, दुर्बिणी गळ्यात. धोबी, खंड्या, वेडा राघू, ओढ्यावर नीलपंख. आठच्या सुमाराला दोन कवड्या धनेश पंखांचा फसफस आवाज करत डोक्यावरून गेले आणि शहरवाल्यांचा दिवस तिथंच सार्थकी लागला. गावकरी दहानंतर. पहिल्या लाल बसमधून बायकांचा लोंढा उतरला, सोबत पोरं.

सगळ्यात गर्दी कुठं होईल याचे आम्ही अंदाज बांधले होते, सगळे चुकले. गर्दी झाली घुबडाच्या गोळ्यांपाशी.

जुन्या शाळेच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते. घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांचा गोळा करून तोंडावाटे टाकतं. मास्तरांनी असे गोळे गोळा करून उन्हात वाळवून ठेवले होते. केळीच्या पानावर एकेक गोळा, दोन सुया, एक चिमटा. गोळा कोरडा, करडा, वरून कापसाच्या बोंडासारखा. सुईनं उकलला की आतून केस सुटतात, मग बारीक फासळ्या, मग कवटी. उंदराची कवटी ओळखायची ती पुढच्या पिवळसर-नारिंगी दातांवरून आणि त्या दातांमागच्या मोकळ्या जागेवरून. चिचुंद्रीला तशी मोकळी जागा नसते, टोकदार दातांची ओळ सलग, तोंड निमुळतं. एका पाचवीतल्या पोरीनं एकाच गोळ्यातून तीन कवट्या काढून पानावर ओळीनं मांडल्या आणि आजीला हाक मारली. आजी म्हणाल्या, “अगं, आमच्या कणगीतले हे!” आणि स्वतःच सुई घेऊन बसल्या.

इथं औषधाचा विषय सांगावाच लागला नाही, आजीनीच काढला. गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, झिंगत फिरतो. झिंगलेला उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. मग घुबड जातं, आणि पुढच्या सुगीला उंदीर दुप्पट. सापाचंही तिथंच निघालं. घराला चिकटून पिंजराची गंजी रचली की उंदीर येतात आणि उंदरांमागनं घोणस, नाग. गंजी लांब रचायची, रात्री बॅटरी घेऊन फिरायचं. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हलू न देता थेट दवाखाना. मास्तरांनी हे तीनतीनदा म्हणवून घेतलं.

हिशेबाच्या फलकापाशी दुपारी बारानंतर आवाज चढला. पलीकडच्या गावचे एक मामा, शेत जेमतेम एकराचं, तिन्ही बाजूंनी रान. फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हापशाची ओळ.

“हे बरं लिव्हलासा. म्हणजे पोरगा गोव्यात हाय म्हणून तुमचा गवा लाडका. माझा पोरगा घरात हाय. गवा काय माझा पावणा लागतो?”

कुणीतरी समजावायला पुढं झालं, “मामा, प्राण्यांचीच जागा होती ती आधी...” मामांनी त्याचं वाक्य तोडलं : “तुम्ही बेळगावात राहता न्हवं? तिथं आधी कुणाची जागा होती?”

बरेच जण हसले. मला वाटतं मामा बरोबर होते. तात्यांना रानाकडचं खाचर सोडून देणं परवडतं, कारण त्यांच्याकडं बाकीची खाचरं आहेत. ज्याचं सगळं शेतच बांधालगत, त्याला ‘थोडं जनावरांना सोडा’ म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातलं दान आपण करणं.

तात्या वाद घालायला गेले नाहीत. एवढंच म्हणाले, “तुमचं खरं हाय. मी तुमच्या जागी असतो तर मी बी वेगळं केलो असतो. पण काय केलो असतो ते मला ठाऊक न्हाई. तुम्ही काय करता ते सांगा.” मग मामांनी सांगितलं : माळ्यावरची राखण, डबं वाजवणं, सुतळी बॉम्ब. आधी गवा पळायचा, आता उभा राहून बघतो. शेजाऱ्यानं तारेत थेट लाइटीचा करंट सोडला होता, त्यात त्याचीच म्हैस गेली; माणूस गेला नाही हे नशीब. बीट गार्डनी तिथंच सगळ्यांना सांगितलं की थेट वीज सोडणं गुन्हा आहे, आणि झटका मशीनमध्ये करंट सलग नसतो, सेकंदाभरानं एक ठोका असतो, म्हणून जनावर दचकतं पण मरत नाही. मामा म्हणाले, “मशीन हाय माझ्याकडं. झटकाच बसत न्हाई.”

बाबांनी मधेच मानशीची फळी हलवत त्यांच्या बांधाची गोष्ट काढली. एकाच्या शेतापुढचा बांध फुटला तर आतल्या सगळ्यांचं जातं, म्हणून खर्चही सगळ्यांवर बसतो. मामांनी ऐकून घेतलं. “आमच्याकडं उलट हाय. माझं शेत खाऊन गव्याचं पोट भरतं म्हणून आतल्यांचं वाचतं. मग माझ्या राखणीचे पैसे आतल्यांनी द्यायला पायजेत की!”

दिवसभरात ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य मला हे वाटतं. गावात ते कुणाला पटेल की नाही, ती पुढची गोष्ट.

जेवणं दोनला. उसळ संपली, आंबील उरलं. भरपाईच्या अर्जाचे कोरे नमुने सगळे गेले. उतारा, आधार, पासबुक आणि नुकसानीचा त्याच दिवशीचा फोटो, ही यादी बऱ्याच जणांनी मोबाइलवर टिपून नेली. शेततळ्याच्या जाळीचं मोजमाप तिघांनी घेतलं, एकानं काथ्या कुठं मिळतो तेही विचारलं. बारापेडेची वाट विचारणारे दोघे भेटले, त्यांना मास्तरांनी मुद्दाम घुबडाच्या गोळ्यांकडं पाठवलं.

जाताना मामा म्हणाले, “माझ्या शिवारात या एकदा. मग बोलू.”

२० जानेवारी, सोमवार

आवराआवर. पत्रावळ्या खतखड्ड्यात. पट्ट्यावर काल रात्रीच्या खुणा काहीच नाहीत, एवढ्या माणसांच्या वासानं जनावर ओढ्यापलीकडूनच वळलं असणार. खर्च वर्गणीत बसला, थोडे पैसे उरले. मास्तरांना त्यातून मोठा फ्लेक्स करायचाय. मी नाही म्हटलंय.

बाबांना सकाळच्या बसला बसवलं. काकींनी मसुराचं गाठोडं दिलं, त्यांनी मानशीची पेटी तात्यांकडंच ठेवली.

२ फेब्रुवारी, रविवार

तात्या, मास्तर आणि मी मामांच्या शेतावर. खरंच तिन्ही बाजूंनी रान. मसूर गुडघ्याखाली, शेंगा धरू लागलेला, आणि त्यातून मधोमध तुडवलेली वाट.

मशीन तपासलं. मशीन चांगलं आहे, बॅटरीही ठीक, पाणी मात्र कमी झालेलं. दोष अर्थिंगचा. झटका बसायचा तर करंट तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून रॉडमार्गे परत मशीनला यावा लागतो. मामांचा रॉड म्हणजे वीतभर सळई, गोठ्याच्या भिंतीला लागून जांभ्याच्या कोरड्या मातीत ठोकलेली. पावसाळ्यात ती कशीबशी चालते, माघात माती वाळली की करंट परतच येत नाही. गवा तारेला नाक लावतो, काही होत नाही, तो शिकतो. शिवाय खालच्या तारेला गवत टेकलेलं, आणि इन्सुलेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे, उन्हानं तडकलेले. दोन्हीकडून करंट गळतोय.

करायचं ते : लांब जीआय रॉड तीन, एकमेकांपासून अंतर ठेवून, न्हाणीचं पाणी जिरतं त्या ओल्या जागेत. कुंपणाच्या तारांपैकी एकाआड एक तार अर्थिंगला जोडायची, म्हणजे माती कोरडी असली तरी जनावर दोन तारांना एकदम टेकलं की झटका बसतो. गवत दर पंधरवड्याला कापायचं.

पैशाचं बोलणं निघालं तेव्हा तात्यांनी उरलेल्या वर्गणीचा विषय काढला. मामा आधी नको म्हणाले. मग म्हणाले, उधार घेतो, सुगीला भात देतो. आतल्या बाजूच्या चार शेतकऱ्यांना राखणीच्या वाटणीचं विचारायचं का, यावर त्यांनी नुसती मान हलवली. ते तात्यांनीच विचारावं असं ठरलं, कारण त्यातले दोघे त्यांचे भावकीतले आहेत.

मास्तर मंगळवारी खानापुरातून रॉड आणि इन्सुलेटर आणणार. बॅटरीचं पाणी मी.